दोन काठांचा गुणाकार

“शून्य पूर्णांक शून्य शून्य तीन,” केतकी म्हणाली आणि तिने हातातला आकडे दाखवणारा पातळ पडदा घडी करून टेबलावर टाकला. “म्हणजे शून्यच. सहा वर्षं चिखलात घातली आई, आणि हाती काय आलं, तर शून्य.”

सुहासिनीबाई विळीवर नारळ खवत होत्या. त्यांनी हात थांबवला, पण मान वर केली नाही. सुनेच्या आवाजात रडू असलं की तिच्याकडे लगेच बघायचं नाही, एवढं त्या पाच वर्षांत शिकल्या होत्या. सौमित्र गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, केतकी आता माहेरी जाईल. ती गेली नाही. भेंडखोलच्या खाडीकाठच्या या घरात सासू आणि सून अशा दोघीच राहिल्या. एकीचं वय पंचाहत्तर, दुसरीचं अडतीस. दोघींचं एकाच माणसावर प्रेम होतं आणि त्याच्याबद्दल दोघी फारसं बोलत नसत.

“समिती कधी आहे तुझी?”

“सोमवारी. शून्य सांगायचं, प्रकल्प बंद करायचा. मग...” केतकी थांबली.

मग काय, ते दोघींना ठाऊक होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राचं बोलावण्याचं पत्र तीन महिने येऊन पडलं होतं. चिखलवीज प्रकल्प चालला असता, तर खाडीत वीज टिपणाऱ्या शंभर जाळ्या पुरायच्या होत्या आणि केतकी आणखी दहा वर्षं तरी इथेच राहणार होती. बंद पडला, तर तिला इथे ठेवणारं काही उरत नव्हतं. सासूसाठी राहा असं म्हणण्याइतक्या सुहासिनीबाई स्वार्थी नव्हत्या, आणि जा म्हणण्याइतक्या उदार झाल्या नव्हत्या.

चिखलवीज म्हणजे काय, हे केतकीने त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातच समजावलं होतं. खाडीच्या चिखलात केसाहून बारीक धाग्यांसारखे जीवाणू राहतात. हजारो पेशी एकीला एक चिकटून त्यांचा एकेक धागा बनतो. खाली, काळ्या कुबट चिखलात त्यांना खायला मिळतं, पण श्वास घ्यायला प्राणवायू नसतो. प्राणवायू असतो वर, पाण्याजवळ. मग हा धागा एका टोकाने जेवतो, दुसऱ्या टोकाने श्वास घेतो, आणि या दोन्हींच्या मध्ये त्याच्या अंगातून वीज वाहते. जन्मभर सुहासिनीबाईंनी तारांमधली वीज मोजली होती. पायाखालच्या चिखलात कोणी न ओढलेल्या तारा आहेत, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी खवलेला नारळ वाडग्यात काढला आणि विचारलं, “केतकी, वोल्ट आणि अँपिअर एकाच क्षणी वाचलेत ना गं?”

“आई, ते यंत्र आहे. मध्येच चहा प्यायला उठणारा माणूस नाही.”

“ते कळलं. पण एकाच क्षणी वाचलेत का?”

केतकीने सुस्कारा सोडला. “यंत्र चिखलात पुरलेलं असतं. एका सेलवर आठ वर्षं चालवायचं, म्हणून ते सारखं बोलत नाही. दिवसातून दोनदा आकडे पाठवतं. बारा तासांच्या वोल्टची सरासरी आणि बारा तासांच्या अँपिअरची सरासरी. त्यांचा गुणाकार केला की झाली शक्ती. पण वोल्टची सरासरीही शून्याजवळ आणि अँपिअरचीही. मेलेला चिखल आहे तो.”

“सरासरीला सरासरीने गुणता तुम्ही?” सुहासिनीबाईंनी आता वर बघितलं. “मंगल चौगुलेने असं केलं असतं, तर साहेबांनी तिला दाराबाहेर उभी केली असती.”

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीसशे एकोणनव्वद साली सुहासिनी वीज मंडळाच्या मीटर तपासणीच्या खोलीत नोकरीला लागली. खोलीला लागूनच पिठाची गिरण होती. गिरण सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि वोल्टमीटरचा काटा खाली बसायचा. बंद झाली की पुन्हा वर उडायचा. एका मीटरवरचे वोल्ट वाचले, पदर सावरला आणि मग दुसऱ्यावरचे अँपिअर वाचले, की तेवढ्यात जग बदललेलं असायचं. म्हणून तिथे एक रीत होती. वोल्टमीटरवर सुहासिनी, अँपिअरवर मंगल. साहेब लाकडी पट्टी टेबलावर आपटत. टक् झालं की त्याच क्षणाचा आकडा दोघींनी मोठ्याने म्हणायचा. काटा दिसेल तसा म्हणायचा, बरा दिसावा म्हणून नाही. तिसरा माणूस लगेच गुणाकार मांडायचा. असे चाळीस गुणाकार झाल्यावर मग त्यांची सरासरी. आधी गुणाकार, मग सरासरी. हा क्रम उलटा केला, तर साहेब त्या दिवसाचा सगळा कागद फाडायचे.

“बघ,” सुहासिनीबाई म्हणाल्या, “वोल्ट म्हणजे पाणी किती उंचावरून पडतं ते. अँपिअर म्हणजे धार किती जाड. चाक फिरायला दोन्ही एकाच वेळी पाहिजेत. नाहीतर दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. तुझं यंत्र बारा तासांचे दात मोजतं, बारा तासांचे चणे मोजतं. जेवण झालं का, ते त्याला कसं कळणार?”

केतकीला हसू आलं. पण ते ओठांवरच थांबलं.

“आणि सरासरी शून्य म्हणतेस,” सासूबाई पुढे म्हणाल्या, “लंबकाची सरासरी काढ. तो दिवसभर मध्येच उभा आहे, असंच निघेल.”

केतकी हळूहळू खुर्चीत सरळ झाली. “भरती-ओहोटी,” ती पुटपुटली. “भरतीला एका दिशेने आणि ओहोटीला उलट. वोल्टही उलटे, अँपिअरही उलटे. दोन्हींच्या सरासऱ्या शून्य. पण गुणाकार... आई, उणे गुणिले उणे!”

“अधिक,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “सातवीत शिकवतात.”

“चिखलाची वीज एकाच दिशेने वाहते, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. सहा वर्षं कुणी विचारलं नाही.”

संस्थेचे चांगले मीटर पुण्याला होते, यायला आठवडा लागला असता. समिती चार दिवसांवर होती. सुहासिनीबाईंनी पलंगाखालची पेटी ओढली. तपासणीची खोली बंद झाली तेव्हा भंगारात निघालेले दोन मीटर त्यांनी घरी आणले होते. काळ्या बेकलाइटचे, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचे, काच पिवळी पडलेले. शून्य मधोमध, डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. केतकीने तपासून बघितले. अजून खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कू फर्नांडिस आपली होडी घेऊन धक्क्याला हजर झाला. दोन हजार त्रेचाळीस सालात वल्ह्याची होडी भेंडखोलला फक्त त्याच्याकडे उरली होती. मोटार चालली की मीटरचे काटे थरथरतात, म्हणून केतकीने मुद्दाम त्याला बोलावलं होतं.

“वयनी, ह्या वयात होडयेत चढतास? पडलास तर मी काडूचंय नाय हां,” पास्कू म्हणाला.

“तू काढायला येशील तर दोघं बुडू. गप वल्हं मार.”

पूर्व काठाला कांदळवनाच्या कडेने एक खांब होता. चिखलात पुरलेल्या चटईएवढ्या जाळीच्या तारा त्यावर वर आणल्या होत्या. होडी खांबाला बांधली. सुहासिनीबाईंनी स्वतःच्या हाताने लाल चिमटा लाल तारेला, काळा काळ्या तारेला लावला, दोनदा ओढून बघितला. वोल्ट केतकीकडे, अँपिअर त्यांच्याकडे. आणि पास्कूने दर पाच मिनिटांनी वल्ह्याचा दांडा होडीच्या काठावर आपटायचा.

“माका काय कळणा नाय,” पास्कू म्हणाला, “पण मारूक सांगतास तर मारतंय.”

टक्.

“तीनशे दहा.” “बावन्न.”

तीनशे दहा मिलिव्होल्ट, बावन्न मिलिअँपिअर. केतकीने मांडलं : सोळा मिलिवॉटच्या वर. तिने आकड्याकडे बघितलं, मग सासूकडे, आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं. भरती चढत गेली, काटे डोलत राहिले, पण दोन्ही उजव्याच बाजूला. पाणी भरलं तेव्हा तिघंही भाकरी खात बसली. मग ओहोटी लागली आणि पास्कूने पुन्हा दांडा आपटला.

“उणे दोनशे नव्वद.” “उणे एकोणपन्नास.”

उण्याला उण्याने गुणलं. चौदा मिलिवॉट. अधिक.

“पाणी येताना देतो आणि जातानाही देतो,” केतकी म्हणाली. तिचा आवाज देवळात बोलावा इतका खाली गेला होता. “आई, हा मेलेला नाही. हा सगळा वेळ देत होता.”

सुहासिनीबाई पाण्याखालच्या त्या काळ्या चिखलाकडे बघत होत्या. त्यांच्या लहानपणी याच चिखलात गुडघाभर रुतून पोरं खेकडे धरायची आणि घरी गेल्यावर वासापायी मार खायची. त्या चिखलात न दिसणारे कोट्यवधी धागे खाली जेवत होते, वर श्वास घेत होते, आणि चंद्राच्या ओढीबरोबर त्यांच्यातली वीज कूस बदलत होती. नोकरीत त्यांनी हजारो मीटर तपासले होते. पण एखाद्या जिवंत गोष्टीच्या नाडीवर बोट ठेवल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी घरी गुळाच्या रसात बुडवून खायच्या खापरोळ्या झाल्या. केतकी ताट हातात घेऊनच घरभर फिरत होती. शंभर जाळ्या कुठे पुरायच्या, शाळेला वीज कशी द्यायची, माडीवरच्या खोलीत प्रयोगशाळा कशी मांडायची. “म्हणजे सौमित्रची खोली आई. चालेल ना?”

“चालेल की,” सुहासिनीबाई म्हणाल्या. पाच वर्षांत केतकीने त्याचं नाव असं सहज घेतलेलं त्यांना आठवत नव्हतं. नॉर्वेचं पत्र टेबलावर होतं. केतकीने त्यावर गुळाच्या रसाची वाटी ठेवली. वाटीचा ओला गोल कागदावर उमटला. सुहासिनीबाईंनी तो बघितला आणि पुसला नाही.

“उद्या पश्चिम काठ वाचायचा,” केतकी म्हणाली. “तिथलीही सरासरी शून्यच आहे. म्हणजे तिथेही एवढंच मिळणार. दोन्ही मिळून दुप्पट!”

पश्चिम काठाची गोष्ट वेगळी होती. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदराचा उपसलेला तेलकट गाळ कुणीतरी बार्ज भरभरून तिथे ओतला होता. महिन्याभरात तिथल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, उघड्या पडून मेल्या, मासे गेले, पाठोपाठ बगळे गेले. नंतर कितीतरी वर्षं त्या काठाला होडीसुद्धा कुणी लावत नसे.

दुसऱ्या दिवशी भरती अर्धी चढली असताना होडी तिथे पोचली. उथळ पाण्यात वाकून पास्कूने बोटभर चिखल उकरला आणि हाताची ओंजळ वर धरली. त्यात चार तिसऱ्या होत्या, नखाएवढ्या, पांढऱ्यावर जांभळ्या रेघांच्या.

“बघा, वयनी. पस्तीस वर्सां हय एक तिसरी गावली नाय. गेल्या चार वर्सांत परत येवक लागली. कोणी टाकूक नाय, कोणी पेरूक नाय. माझी बायल म्हणता, देवाची करणी.”

“ठेव त्या परत,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “लहान आहेत.”

तिथल्याही खांबावरच्या तारांना त्यांनी चिमटे लावले. लाल लालला, काळा काळ्याला. दोनदा ओढून बघितले. केतकी वोल्टमीटर मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली, हातात पेन. कालचा आनंद अजून तिच्या गालांवर होता.

टक्.

“तीनशे पाच,” केतकी म्हणाली.

सुहासिनीबाईंच्या समोरचा काटा डावीकडे गेला होता. पन्नासावर. मग पन्नासेक वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली.

“उणे पन्नास.”

केतकीचं पेन थांबलं. “उणे? वोल्ट तर अधिक आहेत.” तिने पुन्हा वोल्टमीटर बघितला. “अधिक गुणिले उणे... असं कसं? आई, तुमची टोकं उलटी लागली असतील. लाल-काळी बदलली असतील का?”

होडी पाण्यावर हलकेच डुलत होती. प्रश्न साधा होता. चिमटे उलटे लागणं ही तपासणीच्या खोलीत रोज होणारी चूक. पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातून झाली, तर कुणी नवलही करणार नाही. ‘हो गं, लागली असतील,’ एवढंच म्हणायचं. मग दोन चिमटे काढायचे आणि उलटे लावायचे. काटा उजवीकडे येईल. आकडा तोच, फक्त खूण बदललेली. केतकी दुप्पट मांडेल. माडीवरच्या खोलीची दारं उघडतील. सकाळी दोन कप चहा होत राहील, दहा वर्षं, म्हणजे त्यांच्या उरलेल्या आयुष्याला पुरेल इतका. त्यांच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. पास्कू तिसऱ्यांकडे बघत होता.

सुहासिनीबाईंनी चिमट्यांवर बोट ठेवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी लावलीत. बरोबर आहेत.”

“नक्की?”

“ये, स्वतः बघ.”

केतकी होडी हलवत पुढे आली, वाकून तारांवरून बोट फिरवत खांबापर्यंत गेली आणि तशीच वाकलेली राहिली. सुहासिनीबाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मानेवरचे सुटलेले केस. पास्कूने न सांगता दांडा आपटला. पुन्हा अधिक वोल्ट, उणे अँपिअर. पुन्हा. पुन्हा. दहा वाचनं झाली. प्रत्येक गुणाकार उणे पंधराच्या आसपास.

“दोन खुणा जुळल्या तर चिखल देतो,” केतकी शेवटी म्हणाली. ती स्वतःशीच बोलावं तशी सावकाश बोलत होती. “नाही जुळल्या, तर घेतो. काल तो काठ पंधरा देत होता. हा काठ पंधरा घेतोय. आई, धागे खाडीच्या तळातून आरपार गेलेत. तो काठ या काठाला...”

“भरवतोय,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

पास्कूने त्या दोघींकडे बघितलं, मग अजून हातातच असलेल्या तिसऱ्यांकडे, आणि त्या इतक्या हळू पाण्यात सोडल्या की आवाजसुद्धा झाला नाही.

चाळीस वर्षांपूर्वी माणसांनी मारलेला काठ. त्याच्या मदतीला समिती आली नव्हती, प्रकल्प आला नव्हता, माणूसही आला नव्हता. समोरच्या काठाच्या चिखलाने अंधारात धागा धागा जोडत अर्धा मैल पार केला होता, आणि येणाऱ्या पाण्याबरोबर आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर आपल्या घासातला घास इकडे पाठवला होता. त्या विजेवर इथला विषारी गाळ कण कण निवळत होता. सगळ्या जगाच्या हिशेबात शून्य दिसावं, इतक्या चोखपणे. सुहासिनीबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी नकळत हात जोडले आणि मग लाजून ते मांडीवर ठेवले.

“म्हणजे वीज आहे,” केतकी म्हणाली, “पण शिल्लक नाही. आपण तिथे शंभर जाळ्या पुरून ती काढून घेतली, तर...” तिने उथळ पाण्याकडे हात केला.

“हं.”

“तुम्हाला कळतंय ना आई, याचा अर्थ काय होतो ते?”

“कळतंय.”

“टोकं उलटी म्हणाला असतात, तर मी मानलं असतं.”

“ठाऊक आहे मला.”

केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात पास्कू म्हणाला, “पाणी थांबला.”

खरंच थांबलं होतं. भरती पुरी झाली होती आणि ओहोटी अजून लागली नव्हती. पाण्यावरची पानं जिथल्या तिथे उभी होती. काल या वेळी ती तिघं भाकरी खात होती, म्हणून हे कुणी बघितलंच नव्हतं. दोन्ही मीटरांचे काटे सरकत सरकत मध्ये आले आणि शून्यावर उभे राहिले. न डावे, न उजवे. सबंध खाडीने श्वास रोखून धरला होता. यंत्राने इतकी वर्षं सांगितलेलं शून्य खोटं होतं, आणि हे खरं होतं. आणि ते दिवसातून चार वेळा, असं मिनिटभरच येत होतं.

“तिथल्या चिखलाचीही वीस वर्षं सरासरीच काढलीय,” केतकी हळूच म्हणाली. “नॉर्वेला.”

“मग जायला हवं कुणीतरी.”

“तुम्ही एकट्या...”

“मी एकटी कुठे? आणि सोमवारी समितीला काय सांगशील, ते आधी ठरव. दोन्ही काठ वाचून दाखव. एकच दाखवू नकोस.”

केतकीने मान हलवली. डोळे पुसायला तिने हात वर नेला, पण बोटांना चिखल होता, म्हणून तो तसाच खाली आणला. सुहासिनीबाईंनी पदराचं टोक पुढे केलं.

पाण्यावरचं एक पान समुद्राच्या दिशेने कलंडलं. पास्कूने वल्हं उचललं.

टक्.

“उणे आठ,” केतकी म्हणाली. आकडा स्पष्ट होता.

सुहासिनीबाईंनी चष्मा वर सरकवला आणि काट्यावर वाकल्या.

“अधिक दोन,” त्या म्हणाल्या. “हळूहळू चढतोय. लिही.”